पाव्हणा जेवला का

बाई, तू असतीस तर फोन उचलल्याबरोबर पहिलं हेच विचारलं असतंस: पाव्हणा जेवला का? मी कसा आहे, सुमनचे गुडघे काय म्हणतात, धान चुरून घरात आलं का, हे सगळं नंतर. आणि मी नेहमीसारखा ‘थांब, सुमनले देतो’ म्हणत फोन तुझ्या भावजयीच्या हातात कोंबला असता. आता तो फोन येणार नाही, म्हणून लिहून सांगतो. मला गळा काढून लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. वनरक्षकाच्या नोकरीत तीस वर्षं पंचनामे लिहिले, त्याच हातानं हेही लिहितोय. गोड मानून घे.

वर्णन असं. पक्षी एक. जात बजरी. रंग हिरवा, डोकं पिवळं, मानेवर आणि पाठीवर बारीक काळ्या रेघा, चोचीच्या मुळाशी निळा. लांबी वीतभर, त्यात अर्धी शेपटी. लोक त्याला लव्हबर्ड म्हणतात, तो ते नाही. दिसतो राघूच्या धाकट्या भावासारखा, पण राघूही नाही. मूळ ठिकाण समुद्रापलीकडचं कुठलंसं गवताळ रान. सोबत तारेचा पिंजरा, स्टीलची छोटी वाटी, राळ्याचा डबा. मालक मयत. हा शब्द मी वाघानं मारलेल्या माणसांच्या पंचनाम्यात लिहीत आलो, हात कधी अडला नाही. या खेपेला अडला.

पाव्हणा तुझ्याकडे आला तो बँकेतल्या मॅडममुळे. तुझ्या समोरच्या दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहायच्या. बदली झाली, नव्या गावचा घरमालक पक्षी ठेवू देईना, तर दोन महिन्यांसाठी सांभाळा म्हणाल्या आणि गेल्या. म्हणून तू त्याला पाव्हणा म्हणायला लागलीस. पुढे मॅडम काही न्यायला आल्या नाहीत आणि तूही आठवण दिली नाहीस. मला हे सारं सुमनकडून कळलं, तेही उशिरा. तू स्वतः सांगितलं नाहीस. भीत होतीस, की सांगण्याइतका मी जवळचा वाटत नव्हतो, हे आता विचारता येत नाही.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला मी आरमोरीला आलो. तू दारापुढच्या सपरीत पाट मांडलास, ओवाळलंस, ताट वाढलंस. वडे, तांदळाची खीर, वांग्याची भाजी. मी पहिला घास उचलला आणि वरून तीन-चार फोलपटं थेट खिरीत येऊन पडली. मान वर केली तर खुंटीला पिंजरा, आणि त्यात हे महाशय राळे फोडत बसलेले. तू हसलीस. तुला वाटलं, मीही हसेन.

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं. म्हणालो, “मी लोकाइचे पिंजरे जप्त करत फिरलो, अन् माह्याच बहिणीच्या घरी पिंजरा? हा पिंजरा या घरात टांगून हाये तोवर मी इथी जेवनार नाई.” तू उलट आवाज चढवला नाहीस. एवढंच विचारलंस, “सोडू कुठी याले? याचं जंगल कुठी हाये, सांग.” उत्तर नसलं की मी जास्त चिडतो. ताट सरकवून उठलो, चपला घातल्या आणि बसस्टँड गाठलं. भाऊबीजेच्या ताटावरून उठून गेलेला भाऊ त्या दिवशी अख्ख्या आरमोरीत मी एकटाच असेन.

पिंजऱ्यावरून आपलं आधीही एकदा झालं होतं. नोकरीचं पहिलं वर्ष, अंगावर कोरी खाकी, डोक्यात नियम. तुझ्याकडे तेव्हा राघू होता. मोहाच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू, तू भिजवलेली डाळ भरवून वाढवलेलं. भाऊजी तेव्हा होते, त्यांनी मला समजावून पाहिलं. मी ऐकलं नाही. गार्डच्या बहिणीनं राघू पाळला तर गावाला मी कोणत्या तोंडानं सांगू? दार उघडलं, राघू उडाला, आणि पिंजरा मी सायकलला बांधून रेंज ऑफिसात जमा केला. नंतर तू सांगितलंस, तो तीन दिवस सांजच्याला परत येऊन त्या रिकाम्या खुंटीवर बसत होता. चौथ्या दिवशी मांजरानं नेला. तू हे एकदाच बोललीस, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

राघू पाळणं गुन्हा आहे, तेव्हाही होता. माझं चुकलं ते दुसरंच. माणसाच्या हातून वाढलेलं पाखरू असं एका झटक्यात सोडत नाहीत. दार उघडं ठेवून पिंजरा तिथेच राहू द्यायचा, त्याला यायला-जायला जागा ठेवायची. ही अक्कल मला पुढे नोकरीतच आली. तुला येऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

या भाऊबीजेला मी आलोच नाही. सुमनला लुगडं देऊन पाठवलं. तिच्याबरोबर तू माझ्यासाठी वड्यांचा डबा धाडलास, आणि मी ते वडे खाल्ले, कारण ते तुझ्या घरात खात नव्हतो. माझा नियम मोडला नाही. असा मी.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तू गेलीस. कशानं गेलीस ते डॉक्टरांच्या कागदावर आहे, इथे परत लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही वैनगंगेवरून घरी आलो. तुझा गजू सपरीत उभा राहून पिंजऱ्याकडे बघत होता. तो सूरजागडच्या खाणीवर डंपर चालवतो, एका खोलीत चार जण राहतात, पाळीचं काम. मला म्हणाला, “मामा, याचं काय करू? सोडून देऊ का?” माझेच शब्द, माझ्याच भाच्याच्या तोंडून. बाहेर तारेवर कावळे बसले होते. या पाखराला कावळा कसा असतो तेही माहीत नाही, पोट भरायचं कुठं तेही नाही. संध्याकाळपर्यंत टिकलं नसतं. मी म्हणालो, मी नेतो. गजूनं माझ्याकडे जसं पाहिलं ना बाई, तसं मला कोणी पाहिलेलं नाही.

आरमोरीहून गडचिरोली, तिथून आमचं गाव सावली, असा एस.टी.नं निघालो. मांडीवर पिंजरा. दुसऱ्या गाडीत शेजारी एक ढिवरीण बसली होती, मासळीची रिकामी टोपली पायाशी. बराच वेळ निरखत राहिली आणि म्हणाली, “तुमी गार्डसाहेबच ना? माहा राघू सोडाले लावला होता तुमी. आता सोताच घेऊन चालले?” आजूबाजूचे वळून बघायला लागले. मी म्हणालो, “हा राघू नोहे. बाहेरच्या देशातला हाये. याचं जंगल इथी नाई.” बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे वाक्य तुझं आहे. ती बाई व्याहाडला उतरली. उतरताना पिंजऱ्यात डोकावून म्हणाली, “मंग बसले तुमी याचं जंगल होऊन.” गाडी हलली तरी मी खिडकीतून तिच्याकडेच बघत होतो.

घरी आल्यावर मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. जखमी घुबड, खवल्या मांजर, आईपासून तुटलेलं चितळाचं पाडस, सगळं हाताखालून गेलंय. त्याची रीत ठरलेली असते. अंधार करायचा, वर पोतं टाकायचं, आवाज करायचा नाही, माणसाचं तोंड दिसू द्यायचं नाही. माणसाची सवय लागली की ते जनावर जंगलात परत जगत नाही. म्हणून पाव्हण्याला मागच्या खोलीत, धानाच्या पोत्यांमागे ठेवलं. पिंजऱ्यावर जाड चादर. तुझी स्टीलची वाटी जास्त चमकते, बिचकेल, म्हणून ती काढून मातीची ठेवली. सुमनला बजावलं, तिकडे फिरकायचं नाही, फिरकलीस तरी बोलायचं नाही. डब्यात राळ्यावर एक घडी घातलेला कागद होता. मॅडमचं अक्षर दिसलं तसा तो न वाचता बाजूला टाकला. बँकेतल्या बाईंनी मला पाखरं शिकवायची?

पहिल्या दिवशी दाणे जसेच्या तसे. मी म्हटलं, नवी जागा आहे, होतं. दुसऱ्या दिवशी चार फोलपटं. तिसऱ्या दिवशी चादर उचलली तर दांडीवरून खाली उतरून तळाशी बसलेला, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटलेले. थंडीचे दिवस, त्यात ती खोली गार. हात लावायला गेलो तर सरकलाही नाही. जनावर असं बसलं की पुढे काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. बाई, मी घाबरलो. वाघाच्या पायाचे ताजे ठसे बघून घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. तुझी एक वस्तू माझ्याकडे आली होती आणि तीही मी मारायला बसलो होतो.

सुमन दारात येऊन उभी राहिली. तिनं तीन दिवस सगळं ऐकून घेतलं होतं. म्हणाली, “तुमी त्याले वाघरू समजून राह्यले का? त्याले कोनत्या जंगलात परत धाडाचं हाये?” मग तिनं तो कागद उचलला आणि तिथेच उभ्याउभ्या वाचला.

वर मॅडमचं निळ्या शाईतलं नीट अक्षर. नव्या घरी नेल्यावर पिंजरा माणसांच्या वावरात ठेवावा, एक बाजू भिंतीला असावी, म्हणजे त्याला आधार वाटतो. अंधारात तो खात नाही. ओळखीची भांडी बदलू नयेत. चुलीच्या धुरापासून लांब. हात लगेच आत घालू नये, आधी नुसतं जवळ बसून हळू बोलावं. कोथिंबीर आवडते. त्यातला ‘कोथिंबीर’ शब्द तू खोडून वर पेन्सिलीनं ‘सांबार’ लिहिलं होतंस, जसं काही ते पाखरूच कागद वाचणार होतं. आणि अगदी खाली, कागद संपता संपता, तुझ्या पेन्सिलीची एक ओळ: आपन जेवाले बसलो का तो जेवते. एकटा जेवत नाई.

सुमननं ती ओळ वाचली आणि कागद माझ्या हातात ठेवला. भाऊजी गेल्यावर गजू खाणीवर गेला. त्या घरात तू दोन वेळा एकटीच ताट घेऊन बसत होतीस, आणि मॅडमचं पाखरू आल्यावर दोघं झालात. मी त्या दोघांतल्या एकाला हाकलायला निघालो होतो, आणि वर तुझ्याकडे जेवायचं बंद केलं होतं. बाई, मला हे कळायला एक कागद लागला, आणि तोही तीन दिवस न वाचता ठेवला. लाज वाटते. हे एवढं उघड लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

मग पिंजरा मधल्या खोलीत आला. एक बाजू भिंतीला, उंची माझ्या डोळ्यांएवढी, खिडकीतून कोवळं ऊन येईल असा. मागच्या अर्ध्या भागावर तुझ्याच जुन्या लुगड्याचा तुकडा, समोर मोकळं. तुझी वाटी परत लावली, जिच्यावर तुझं नाव कोरलेलं आहे. सांबाराची काडी तारेत खोवली. सुमन म्हणाली, बोला काहीतरी त्याच्याशी. पाखराशी काय बोलायचं? मी आयुष्यभर पाखरांच्या जवळ गप्प राहायला शिकलो. शेवटी माझ्या बीटमधली, मी राखलेल्या जंगलातली झाडं म्हणायला लागलो. साग, येन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, गराडी. हजेरी घेतल्यासारखं. पाव्हण्यानं एक डोळा उघडला. दुसऱ्यांदा म्हटली तर मान तिरकी केली. सुमन स्वयंपाकघरात हसली, ते मला ऐकू आलं.

दुपारी आम्ही दोघं पिंजऱ्याखाली ताटं घेऊन बसलो. तो तळाशीच. मी मुद्दाम आवाज करत जेवलो, पापड मोडला, वाटी खडखडवली. काही नाही. संध्याकाळी परत तसंच. या वेळी तो जाळीला चोच लावून एक एक पाय टाकत खालच्या दांडीपर्यंत चढला आणि आमच्या ताटांकडे बघत राहिला. माझा घास तोंडातच राहिला. सुमन कुजबुजली, तुमी जेवा, त्याच्याकडे पाहू नका. म्हणून मी भिंतीकडे तोंड करून जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वरणाचा भुरका मारत होतो, आणि मागून आवाज आला. बारीक, कट् असा. मग दुसरा. नख कापल्यासारखा आवाज, एवढासा. मी मान वळवली नाही. सुमनच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेवढ्यावरून समजलो. मग मीही रडलो. तुझ्या चितेसमोर रडलो नव्हतो, लोकांनी ते पाहून ठेवलं असेल. रडलो ते सावलीला, घरी, ताटावर, एका दाण्याच्या आवाजाला.

त्यानंतर रुळला म्हणायला हरकत नाही. अजून हातावर येत नाही, मीही घाई करत नाही. सकाळी मी बसलो की जाळीपाशी येतो. झाडांची यादी अर्धी राहिली तर ओरडतो. झाडं संपली की मी तुझ्याशी बोलतो, त्याच्या निमित्तानं. राघूचं सांगून झालंय. वड्यांचं सांगून झालंय. तू सांभाळलेलं पाखरू माझं ऐकून घेतं, हा तुझाच उपकार. समोर असतीस तर मी हे बोललो नसतो आणि तू हसली असतीस.

काल तुझी तेरवी होती. पाव्हण्याला दिवसभर एकटं कसं ठेवायचं, असं सुमन म्हणाली. मी तिच्या आधीच पिंजऱ्याला कापड बांधून ठेवलं होतं. सावलीहून आरमोरी, पुन्हा मांडीवर पिंजरा, पण या खेपेला लोक विचारायच्या आत मीच सांगत होतो, हा राघू नोहे. तुझ्या दारात पोचलो तेव्हा सपरीत पंगत बसायच्या बेतात होती. नातेवाईक बघत राहिले. कोणीतरी पुटपुटलं, तेरवीले पिंजरा घेऊन आला. खुंटी रिकामी होती. मी पिंजरा तिला टांगला, कापड सोडलं. पाव्हण्यानं इकडेतिकडे पाहिलं, शेपटी झटकली आणि सरळ आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला कोणी काही दाखवावं लागलं नाही.

गजू वाढत होता. भाऊबीजेचं त्याला माहीत होतं, तू सांगितलंच असणार. पत्रावळ हातात घेऊन तो माझ्यासमोर थबकला, वाढू की नको अशा चेहऱ्यानं. मी बरोबर खुंटीखाली जागा धरली आणि म्हणालो, “पिंजरा इथी हाये, गजू. वाढ मले.”

त्यानं वाढलं. वडे, भात, वरण. वांग्याची भाजी सुमननं केली होती, तुझ्यासारखी नाही झाली. मी वरणभात कालवला. मी सुरुवात केली तशी वर कट् कट् सुरू झाली, आणि दोन-तीन फोलपटं भातावर येऊन पडली. गजू ती काढायला वाकला. मी त्याचा हात धरला.

पाव्हणा जेवला, बाई. तुझ्या घरात, मीपन जेवलो.